घर तुझंच समज

ढेकूण हा शब्द आमच्या घरातल्या माणसाने पहिल्यांदा उघडपणे उच्चारला तो त्या रविवारी सकाळी, आणि तोही एका कवळीमुळे. तोवर आम्ही सगळे आपापल्या अंथरुणात, दार लावून, अब्रूने खाजवत होतो.

आमच्या घराण्याची ही जुनी रीत. गच्चीवरची टाकी फुटून तिन्ही मजले भिजले तेव्हा आम्ही त्याला 'जरा ओल आलीय' म्हणालो होतो. काका वकिलीच्या परीक्षेत आपटला तेव्हा 'त्याचा विचार बदलला' असं लोकांना सांगितलं होतं. त्याच चालीवर या खेपेला ज्याने त्याने आपल्या अंगावरच्या लाल चट्ट्यांची सोय लावून टाकली होती. दादांना उष्णता झाली होती. आईला नवा साबण बाधला होता. आणि मी, घरातली सगळ्यांत शिकलेली, रक्त तपासून घ्यायच्या विचारात होते. गादी उचलून बघावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं असलं तरी त्याने ते बोलून दाखवलं नाही.

दादा म्हणजे माझे वडील. सगळी इमारत त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचं कुलपांचं दुकान आहे. इमारत कोणाची, या प्रश्नाला मात्र आमच्यात कुणी सरळ उत्तर देत नाही. फाटकावर अजून आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची पाटी आहे, आणि आप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली की पाटीवरची निम्मी अक्षरंही त्यांच्या मागोमाग गेली आहेत.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा पहिल्या मजल्यावरून आत्या खाली आली. ती दादांची धाकटी बहीण, पन्नाशी उलटली तरी घरात चिमीच. ती दात बनवते. दातांचे डॉक्टर तिच्याकडे तोंडाचे ठसे पाठवतात आणि ती मागच्या खोलीत बसून त्यावर कवळ्या घडवते. शहरातली कितीतरी म्हातारी माणसं तिच्या दातांनी हसतात. ती स्वतः फारशी हसत नाही.

तिने हातातली प्लास्टिकची डबी दादांच्या कपासमोर ठेवली.

"उघड."

दादांनी उघडली. आत गुलाबी हिरड्यांची, शुभ्र दातांची सुरेख कवळी होती आणि उजवीकडच्या दाढेपाशी एक ढेकूण होता.

"मेलाय," दादा निरखून म्हणाले. जणू तेवढ्याने विषय संपला.

"आज मेलाय. काल चालत होता. डॉक्टरांनी पेशंटच्या हातात डबी दिली, पेशंटने ती उघडली, आणि हा निघाला फिरायला."

आईने तोंडावर हात धरला. ती शहारली होती की हसत होती, ते मला कळलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, घर साफ झाल्याशिवाय एकही ठसा पाठवणार नाही," आत्या म्हणाली. "त्यांचं तरी काय चुकलं? तोंडात घालायची वस्तू आहे ती. हे काम गेलं तर मी काय करू, सांग मला."

"अगं, मग अडलंय कुठे?" दादा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती उदार कळा आली, जी आली की आई ताबडतोब स्वयंपाकघरात जाते. "यात विचारायचं काय, चिमे? घर तुझंच आहे. बोलव की औषधवाल्याला."

आई स्वयंपाकघरात गेली. आत्याने डबीचं झाकण खट्टकन लावलं.

"वाटलंच होतं मला. दादा, बाजारामागे एक जागा बघून आलेय मी. मागे कामाला खोली आहे. उद्या सकाळी त्यांना हो की नाही सांगायचंय. तेव्हा आज काय ते ठरव."

"कशाचं काय?"

"ढेकूण कोणाचे, ते."

आता 'घर तुझंच समज' या वाक्याबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या रामायणाचं मूळ ते आहे, ढेकूण नव्हेत.

आत्या नवऱ्यापासून वेगळी झाली आणि कवळ्या घासायचं यंत्र नि ठसे ओतायच्या प्लास्टरची पोती घेऊन आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा पहिला मजला रिकामाच होता. "भाडं घेणार असशील तर राहते," ती दादांना म्हणाली होती. "फुकट राहिले तर पाहुणी होईन, आणि पाहुणी कधीतरी जायची असते." दादांनी कबूल केलं, पण ते त्यांच्या मनाला लागलं. म्हणून त्यांनी मजल्याच्या सगळ्या किल्ल्या तिच्या ओंजळीत ओतल्या, आपल्याकडे एकही ठेवली नाही, आणि म्हणाले, "चिमे, घर तुझंच समज." कुलपं विकणारा माणूस स्वतःकडे किल्ली ठेवत नाही, याहून मोठं मन ते काय असणार? मला तर भरून आलं होतं.

मग खिडकीची कडी तुटली. "घर तुझंच आहे, बसवून घे." न्हाणीघराची फरशी उचकटली. "घर तुझंच आहे, कर मनासारखी." घर आपलं समजता समजता आत्याने निम्मा मजला नव्याने बांधून काढला. एक नळ मात्र तिने हट्टाने गळता ठेवला. त्याच्याखाली बादली लावायची, ती भरली की ओतायची, पण नळाला हात लावायचा नाही. ज्याचा आहे तो येईल दुरुस्त करायला, असं तिचं म्हणणं. आमच्या न्हाणीघरात त्याची टपटप ऐकू यायची आणि दादा म्हणायचे, "बाहेर पाऊस लागलाय वाटतं." आम्ही सगळे हो म्हणायचो.

सगळ्यांत वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे एक मास्तर राहतात. त्यांना ढेकूण चावले तेव्हा ते सरळ खाली आले आणि तसं सांगून मोकळे झाले. त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. दादा हातातला घास ठेवून उठले. दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे औषध मारलं गेलं, आणि दादा स्वतः शिडी धरून उभे राहिले. "परका माणूस आहे, आपल्या भरवशावर राहतो," असं तेव्हा ते म्हणत होते. औषध जालीम होतं. मास्तरांकडचे ढेकूण जीव मुठीत धरून निघाले आणि भिंतीच्या फटींतून एक मजला उतरून आत्याकडे राहायला आले. त्यांनाही कुणीतरी 'घर तुमचंच समजा' म्हणालं असावं.

दादांनी काकाला बोलावून घेतलं. काका दादांच्या पाठचा. तो विमे विकतो, पण वकिलीच्या परीक्षेला एकदा बसल्यामुळे घरातल्या प्रत्येक तंट्यात त्याचा सल्ला घेतला जातो. पास झालेले वकील आम्हाला परवडत नाहीत.

तो आला आणि बैठकीच्या मधोमध उभा राहिला.

"बस ना," दादा दिवाणाकडे हात करून म्हणाले.

"नको. पाठ धरलीय. उभाच बरा आहे."

कवळीची डबी त्याला दाखवण्यात आली. त्याने ती लांबूनच पाहिली.

"हे बघा, नियम अगदी सोपा आहे," तो म्हणाला. "कीड आधीपासून असेल तर ती ज्याची जागा त्याची जबाबदारी. राहणाऱ्याच्या गलथानपणामुळे झाली असेल तर राहणाऱ्याची."

"आणि एका घरातून दुसऱ्या घरात गेली असेल तर?" आत्याने विचारलं.

"तर ती इमारतीची झाली. म्हणजे पुन्हा... त्याची."

"कोणाची?"

"त्याचीच गं. ज्याची असते त्याची."

मालक हा शब्द आमच्या घरात उच्चारत नाहीत. आप्पांनी उभं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं, आणि त्या काळात मालक ही त्यांची सगळ्यांत वाईट शिवी होती. लहानपणी दादा, काका आणि आत्या भांडले की एकमेकांना काय वाटेल ते म्हणत, पण कुणी 'मालक!' म्हणालं की मात्र आप्पा आतून यायचे आणि कान पिळायचे. पुढे पै पै करून त्यांनी ही इमारत उभी केली, वरचे मजले दादांनी चढवले, तरी शब्दावरची बंदी उठली नाही. मालक झालो पण मालक म्हणवून घेतलं नाही, याचा आम्हाला पिढीजात अभिमान आहे.

"पण सिद्ध करायला हवं," काका पुढे म्हणाला. त्या क्षणी तो दादांच्या बाजूला होता, कारण जेवण दादांकडे व्हायचं होतं. "हे ढेकूण मास्तरांकडचेच कशावरून? चिमे, तुझ्याकडे इतकी खोकी येतात, इतक्या लोकांचे ठसे येतात..."

"ठसे तोंडातले येतात रे. तोंडात ढेकूण असतात का?"

"काय सांगावं."

"म्हणजे मी गलथान?" आत्याचा आवाज चढला. "माझ्या घरात दातसुद्धा उकळून काढतात!"

"तसं नव्हे गं. पण ढेकणाच्या संगे हिरा भंगला म्हणतात, तेव्हा..." म्हण इथवर आली आणि अडली. यातला हिरा कोण आणि ढेकूण कोण, हे ठरवणं काकाला जोखमीचं वाटलं.

दादा कळवळले. त्यांना भांडण सोसत नाही. या वेळी कुणाच्या मनात काय चाललं होतं ते मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण नंतर प्रत्येकाने मला बाजूला घेऊन आपापली कैफियत ऐकवली. दादांना खरोखरच कळत नव्हतं की बहीण चिडली कशाने. एवढा हक्क दिला, आणखी काय द्यायचं?

"हे बघ चिमे," ते म्हणाले, "भांडण नको. औषधाचा सगळा खर्च मी देतो. भाऊ म्हणून. झालं?"

"भाऊ म्हणून नको."

"का? मी भाऊ नाही तुझा?"

"आहेस ना. मी पोती घेऊन आले तेव्हा एका शब्दाने काही न विचारता दार उघडलंस, ते भाऊ म्हणून. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हे भावाचं काम नाही, दादा. भाऊ म्हणून केलंस की ते उपकार होतात. मग पुढच्या वेळी काही झालं तर मी सांगणारच नाही, गप्प बसेन. गप्पच तर बसले इतके दिवस. मास्तर मानतात का उपकार? ते हक्काने खाली येतात आणि सांगतात. मला तेवढंच हवंय. मास्तरांएवढं."

"सख्खी बहीण असून परक्याएवढं मागतेस?"

"हो. तू परक्यांना फार चांगलं वागवतोस."

 दादा आप्पांच्या वेताच्या आरामखुर्चीत जाऊन बसले. काकाने वारा कुठून वाहतोय ते पाहिलं.

"तसं चिमीचं अगदीच चूक नाही हं, दादा," तो म्हणाला.

"तू गप," आत्या त्याच्यावर वळली. "आणि तू उभा का आहेस मघापासून?"

"म्हटलं ना, पाठ..."

"पाठ धरलेला माणूस दारात वाकून बुटाची नाडी सोडतो?"

काकाने इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांची वकिली करणारा माणूस स्वतःवर आलं की किती लवकर कबुली देतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"बायकोने बजावलंय," तो म्हणाला. "त्या घरात कुठे टेकलास तर माझ्या घरात झोपायचं नाही, बाल्कनीत झोपायचं. झोपलोय मी. दोनदा."

"त्या घरात म्हणजे कुठल्या घरात?" आत्या सावकाश म्हणाली. "माझ्याकडे तर तू वर चढतसुद्धा नाहीस. गुडघे दुखतात तुझे."

 काका दिवाणाकडे बघत राहिला. दर शनिवारी दुपारी तोंडावर वर्तमानपत्र टाकून तो झोपायचा, तो आमच्या दिवाणावर.

"आमच्याकडे नाहीत," दादा खुर्चीतून म्हणाले.

"आहेत," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

आई आणि आत्या यांचं कधी जमलं नव्हतं. भांडणही नव्हतं. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलायच्या की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. आई आत्याला ताई म्हणायची आणि आत्या आईला वहिनी, आणि त्यापुढे दोघींकडे बोलायला काही नसायचं.

त्या आठवड्यात मात्र एका दुपारी दोघी गच्चीवर समोरासमोर आल्या. दोघींच्या डोक्यावर गाद्या होत्या.

"जरा हवा देतेय," आई म्हणाली होती.

"मीही," आत्या म्हणाली होती.

दोघींनी गाद्या उन्हात टाकल्या आणि दोन टोकांना उभ्या राहिल्या. आई सांगते की तिने आत्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण तेवढ्यात आत्याने मानेमागे हात नेला, आईनेही नेमका त्याच वेळी नेला, आणि दोघी एकदम थांबल्या. मग आत्या हसायला लागली. आईने तिला तसं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. हसता हसता आत्या कठड्याला टेकली आणि म्हणाली, "वहिनी, लाज वाटते हो. दात करणारी बाई मी, माझ्याच घरात ही घाण." आई म्हणाली, "मी तर साबणाला बोल लावत होते." मग दोघींनी गाद्या झोडपल्या, शिवणीतून काय काय निघालं ते पाहिलं, आणि इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते ढेकणांनी एका दुपारी जमवून दिलं.

"आपल्या गादीत आहेत, दिवाणात आहेत," आई दारातून सांगत होती. "आणि तुम्ही बसलाय ना, त्या खुर्चीच्या वेतात तर घरं करून आहेत."

दादा उठले नाहीत. उठणं म्हणजे कबूल करणं.

"मी औषधवाल्याला फोन केलाय," आई म्हणाली. "येईलच इतक्यात."

"मला न विचारता?"

"लग्न झालं तेव्हा मलाही म्हणाला होतात, घर तुझंच समज. आज समजले."

काका खोकला. मी कपबशा गोळा करायला लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि दादांचा चेहरा पाहवत नव्हता.

आप्पांच्या खुर्चीत बसलं की माणसाला आप्पा आठवतात, याला इलाज नाही. दादांना त्या वेळी आठवत होती ती छापखान्यामागची खोली. तिथे तिघं भावंडं लहानाची मोठी झाली. भिंतींत ढेकूण होते, आणि आजी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. शेवटी आप्पांनी मालकाला बोलावून आणलं. मालक नाकाला रुमाल लावून उंबऱ्यापाशी उभा राहिला. आत आलाही नाही. दादा, काका आणि आत्या पलंगाच्या आडून बघत होते.

तेवढ्यात त्यांच्या पायाला ढेकूण चावला, मग मानेला. दादा हलले नाहीत.

"दादा," आत्या जवळ येऊन म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. "तो रुमालवाला आठवतो?"

"त्याचं नाव काढू नकोस. त्याच्यासारखं व्हायचं नाही म्हणूनच तर मी..."

"काय म्हणाला होता तो?"

दादा खुर्चीच्या वेतावर नख फिरवत राहिले.

"मी सांगते. 'राहता तुम्ही इथे, तुमचंच घर आहे. मग किडे माझे कसे?' असं म्हणाला होता. आप्पा नंतर कितीतरी दिवस तेच वाक्य घोळवत होते."

"चिमे, खाजवून खरूज काढू नकोस."

"खाजतंय म्हणूनच काढतेय. दादा, आप्पांना त्याच्या मालक असण्याचा राग नव्हता. त्याने एकदा म्हणायला हवं होतं, हो, घर माझं आहे, मी बघतो. तेवढ्यासाठी आप्पांनी त्याला आणलं होतं. तो नाही म्हणाला. तू फार चांगला आहेस, तू नाकाला रुमाल लावला नाहीस. पण वाक्य तेच आहे रे. गोड करून म्हणालास एवढंच."

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मला नंतर म्हणाले, उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक होतं, पण ते आप्पांच्या खुर्चीत बसून देता येईना. उभ्या जन्मात ज्या माणसासारखं व्हायचं नाही म्हणून झटलो, त्याच्याच उंबऱ्यावर आपण उभे आहोत, हे माणसाला कुणाकडून कळावं? तर धाकट्या बहिणीकडून, चारचौघांत, आणि तेही ढेकूण चावत असताना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय. दादांचे दात तर तिनेच बनवलेले.

बेल वाजली.

औषधवाला दारातच थांबला. पाठीला टाकी, हातात नळी, मास्क हनुवटीवर ओढलेला. त्याने आत डोकावून आम्हा सगळ्यांना उभं पाहिलं, एकटे दादा बसलेले पाहिले, आणि त्याला परिस्थितीचा अंदाज आला असावा.

"एक मजला करायचा की सगळे?" त्याने विचारलं. "एकच केलात तरी माझी हरकत नाही. पुन्हा बोलवाल."

"सगळे," आई आणि आत्या एकदम म्हणाल्या.

"मग तिन्ही घरं दिवसभर रिकामी लागतील. वरच्यांनाही बाहेर काढावं लागेल. ते मालकांनीच सांगितलेलं बरं, माझं कोणी ऐकत नाही. मालक कोण?"

तो शब्द त्याने इतक्या सहज म्हटला की आम्ही सगळे चपापलो. काका छताकडे बघायला लागला. आई फरशीकडे. मी, घरातली सगळ्यांत शिकलेली, खिडकीतून फाटकावरची आप्पांची पाटी वाचायला लागले. आत्या मात्र दादांकडेच बघत होती. कवळीची डबी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"मालक कोण इथे?" औषधवाल्याने पुन्हा विचारलं.

दादा खुर्चीतून उठले. सवयीने त्यांचा हात आत्याकडे गेला.

"तसं बघाल तर घर तिचंच..."

आणि ते थांबले. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, मानेवर नेला, आणि आम्हा सगळ्यांसमोर, त्या परक्या माणसासमोर, कराकरा खाजवलं. इतके दिवस साठवलेलं सगळं खाजवलं.

"मी," ते म्हणाले. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "मी आहे मालक."

"तिन्ही मजल्यांचे?"

"तिन्ही. आणि ढेकूणही माझे. वरचे, मधले, खालचे, सगळे. यात भाडेकरूंचा एकही नाही."

"बरं," औषधवाला म्हणाला. ढेकणांवर इतक्या ठासून हक्क सांगणारा माणूस त्याला याआधी भेटला नसावा. "मग वरच्यांना सांगून या."

आत्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. पायरी न झटकता बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. मला वाटलं, आता दोघं भावंडं गळ्यात पडतील. पण आमचं घराणं ते आमचं घराणं. दादा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि घसा खाकरला.

"त्या बाजारामागच्या जागेवाल्याला काय सांगणार आहेस उद्या?"

"नको म्हणून सांगते," आत्या डोळे पुसत म्हणाली. "माझा मालक बरा आहे म्हणून सांगते."

काका एव्हाना पुन्हा दादांच्या बाजूला आला होता. "मी मघाशी हेच म्हणत होतो," तो म्हणाला. 

"आणखी काही तक्रार?" दादांनी विचारलं. मास्तरांना विचारतात तसंच, जरा ताठ उभं राहून.

"न्हाणीघरातला नळ गळतोय."

"कधीपासून?"

"तू घर माझं समजायला लागलास तेव्हापासून, मालक."

आप्पांच्या घरात त्या शब्दाने कान पिळला गेला नाही, अशी ही पहिलीच वेळ. दादा हसले नाहीत. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते आत गेले, कुलपांच्या पेटीतून पाना शोधून आणला, आणि जिना चढण्याआधी आत्यापुढे हात पसरला.

"एक किल्ली माझ्याकडे राहू दे," ते म्हणाले.

आत्याने जुडग्यातून एक सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.